आजोबांची पाठ

इलारियाताईच्या घरावर अजून गवत आहे. आमच्या वांकापातात साठ-पासष्ट घरं, आणि तिचं सोडून सगळ्यांवर पत्रे. गारा पडायला लागल्या की अख्खं गाव ढोल बडवल्यासारखं वाजतं. शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. ताईचं घर तेवढं गप्प. परवडत नाही म्हणावं, तर तिच्या मुलीचं, योवानाचं, कुस्को शहरात शिवणकामाचं दुकान आहे, आणि तिने एकदा ट्रकमधून नवेकोरे बारा पत्रे पाठवले होते. ताईने ते शाळेला देऊन टाकले. का, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारायचं कधी सोडलं नाही.

विचारणं हा माझा रोगच आहे. माझी बायको बेनिता म्हणते, देवाने नाक दिलं ते श्वास घ्यायला, हा माणूस ते दुसऱ्याच्या चुलीत खुपसायला वापरतो. इलारिया बेनिताची सख्खी थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. म्हणजे तिच्या चुलीत नाक खुपसण्याचा मला थोडा हक्क आहे असं मी धरून चालतो.

कुठे कुठे म्हणे जावयाला पाटावर बसवून वाढतात. आमच्याकडे जावई म्हणजे गावाचा खांदा. लग्नात नाचायला मुलीचे भाऊ आणि चिचेचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, रांजण उचलायला जावई. कुणी मेलं की खड्डा जावयांनी खणायचा, पाचव्या दिवशी मेलेल्याचे कपडे नदीवर जावयांनी धुवायचे. मी खालच्या खोऱ्यातला, मक्याच्या मुलखातला. बेनिताच्या मागे मागे इथे वर आलो त्याला बत्तीस वर्षं झाली, मिशा पांढऱ्या झाल्या, दोन मुलींची लग्नं झाली, तरी गावाला मी अजून ‘मक्यावाला जावई’च आहे.

या बत्तीस वर्षांत माझ्या नावावर एकच मोठा पराक्रम होता. आजोबांची कूस मी बदलली होती. एकट्याने.

आजोबा म्हणजे बटाट्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांच्या माथ्यावर उभी असलेली शिळा. माझ्याहून हातभर उंच, खांद्याशी रुंद, खाली निमुळती. जुनी माणसं तिला माचुला म्हणतात; आम्ही आपलं आजोबा. पहिल्यांदा सूर्य उगवला तेव्हा अंधारात राहणारे बाकीचे जुने लोक घाबरून डोंगराच्या कपारींत पळाले. आजोबांनी नुकतंच पहिलं बी लावलं होतं, त्यांना शेत सोडवेना. ते बघत उभे राहिले ते उभेच राहिले. गारठा कुठल्या शेतावर उतरतो, गारा कुठे वळतात, कुणाची मेंढरं कुणाच्या बांधात शिरतात, सगळ्यावर त्यांची नजर. वर्षभर त्यांच्या अंगावर तपकिरी पोंचो, डोक्यातून घालायची लोकरी घोंगडी, असतो. ऑगस्टमध्ये, जमिनीला भूक लागते तेव्हा, पोंचो काढून त्यांना आंघोळ घालायची, नवा पोंचो चढवायचा आणि मग सगळ्या गावाने चिचा पाजायची, कोकाची पानं द्यायची, लामा जनावराची चरबी लावायची.

आंघोळ मात्र एकाच घराने घालायची. आधी माझे सासरे घालत. त्यांना मुलगा उरला नव्हता, म्हणून मरताना त्यांनी ते काम इलारियाताईला दिलं. त्या वेळी बाकीचं गाव खाली चाळीस पावलांवर, शेतांच्या बाजूला, पाठ करून बसतं. कुणाच्याही आजोबांना आंघोळ घालताना आपण टक लावून बघतो का? त्यामुळे पोंचोच्या आतले आजोबा कसे दिसतात हे गावातल्या कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला फक्त पोंचो ठाऊक.

माझं लग्न झालं त्याच वर्षी, फेब्रुवारीच्या पावसात, वरचा बांध खचला आणि आजोबा आडवे झाले. मे महिन्यात जमीन वाळल्यावर आम्ही सहा जावई दोर आणि दांडे घेऊन त्यांना उभं करायला गेलो. दुपारी बाकीचे पाचजण खाली जेवायला उतरले. मी नवा, मला म्हणाले, “तू थांब, आजोबा पळून जातील.” ताई एकटीच, जुन्या पोंचोखाली हात घालून, चिखल धूत होती. ती म्हणाली, “जावईबापू, जरा कूस बदलून द्या आजोबांची. पाठ धुवायची राहिली.” मी दांडा घातला, छाती फुटेस्तोवर जोर लावला आणि आजोबा उताराच्या बाजूला सावकाश पालथे झाले. तिने पाठ धुतली, झोपल्या झोपल्याच नवा पोंचो चढवला, वर दोर बांधला. पाचजण ढेकर देत वर आले आणि आम्ही आजोबांना उभं केलं.

हा किस्सा मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितला आहे. दरवेळी शिळा थोडी जड होत गेली. बेनिता तर मी ‘मे महिना होता’ म्हटलं की उठून भांडी घासायला जाते.

आता ज्या गोष्टीने मला तीस वर्षं छळलं ती सांगतो. चिचा पाजताना सगळं गाव आजोबांच्या समोर, शेतांच्या बाजूने, पेला ओततं. ताईसुद्धा ओतते. पण त्याआधी, कुणाचं लक्ष नसताना, ती वळसा घालून मागे जाते आणि पहिला पेला तिथे ओतते. पुटपुटतेही काहीतरी. समोर येऊन बोलते ते मोठ्याने, सगळ्यांसारखं: आजोबा, गारठा आवरा, बटाटा पोसा. मागे बोलते ते वेगळंच असतं.

“ताई, मागे कोण आहे?” मी एकदा विचारलं.

“वारा.”

“वाऱ्याला पहिला पेला?”

“तुमच्या खोऱ्यात वारा नाही वाटतं. इथे पहिला तोच येतो.”

दुसऱ्या वर्षी विचारलं तर म्हणाली, “पेल्यात माशी पडली होती.” तिसऱ्या वर्षी म्हणाली, “जावईबापू, तुमच्या बायकोचं गाढव सुटलंय, ते बघा.” गाढव खरंच सुटलं होतं, त्यामुळे त्या वर्षीही चौकशी अर्धी राहिली.

मी माझ्या परीने छडा लावला. आजोबांच्या मागे, पूर्वेला, दोनच गोष्टी होत्या. एक ताईचं वाल-घेवड्याचं छोटं शेत, आणि त्याच्या वर खिंडीकडे जाणारी पायवाट. बास, मला कळलं. बाई लबाड आहे. गावाच्या आधी स्वतःच्या शेतासाठी आजोबांना पाजून ठेवते! तिचा घेवडा दरवर्षी चांगला यायचा, तेव्हा मी बेनिताला डोळा मारायचो. बेनिता म्हणायची, “शेण जास्त घालते ती. तुम्हीही घाला.”

आणि ती पायवाट? ती खिंडीतून पलीकडे उतरते, पूर्वेच्या जंगलात, जिथे आमच्याकडचे पुरुष नदीतलं सोनं धुवायला जातात. ताईचा नवरा मेलितोन त्याच वाटेने गेला. मी गावात येण्याच्या आदल्या जूनमध्ये. मी त्याला कधी पाहिलं नाही. पेरणीला येतो म्हणाला होता. बरोबर गेलेले चौघे परत आले. ते म्हणाले, मेलितोन आणखी खालच्या नदीवर गेला. त्यानंतर काही नाही. निरोप नाही, हाडं नाहीत.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आमच्याकडे मेलेले जेवायला घरी येतात. दुपारी बाराला. प्रत्येक घरी टेबल मांडतात, ज्याला जे आवडायचं ते वाढतात, बाईला पावाची बाहुली, पुरुषाला पावाचा घोडा. ताईच्या टेबलावर आईचं ताट असायचं, वडिलांचं असायचं, लहानपणी गेलेल्या भावाचं असायचं. मेलितोनचं कधीच नाही. पहिल्या वर्षी कुणीतरी घोडा आणून ठेवला तर तिने तो त्याच्याच हातात परत दिला. “गेलाय तो,” म्हणाली, “मेला नाही.” त्यानंतर कुणी हिंमत केली नाही. मीसुद्धा नाही. माझ्याही नाकाला कुठेतरी शरम आहे.

या वर्षी ताईचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, पण दुधाची साय धरावी तसं झालं. चुलीतला जाळ दिसायचा, माणूस दिसायचं, भाकरी दिसायची, वाटाणा दिसायचा नाही. योवाना जुलैमध्ये येऊन बसली. “आई, चल. तिथे डॉक्टर आहे, पाण्याचा नळ आहे. इथे एक दिवस गवताच्या छपराला आग लावशील.”

ताई म्हणाली, “ऑगस्ट होऊ दे.”

“आणि मग?”

“मग आजोबांचं काम बेनिताला देते आणि येते.”

हे ती एवढ्या सहज म्हणाली की आम्हाला कुणालाच खरं वाटेना. पण नंतरचे पंधरा दिवस मी तिला बघत होतो. ती रोज काठी टेकत आजोबांपाशी जायची आणि मागच्या बाजूला, वाटेकडे तोंड करून बसायची. तिला वाट दिसत नव्हती, हे मला माहीत होतं. मग ती बघत काय होती? एकदा मी शेजारी जाऊन बसलो.

“जावईबापू,” ती म्हणाली, “एक विचारू? वाईट काम हातातून हातात दिलं तर देणाऱ्याचं राहतं की घेणाऱ्याचं होतं?”

“कसलं काम?”

“असंच.”

“दोघांचं होतं,” मी म्हणालो. मला वाटलं, आता घेवड्याची कबुली येणार. मी अगदी तयारीने बसलो. पण ती नुसतीच उठली आणि जाताना म्हणाली, “उगाच विचारलं तुम्हाला. तुम्हाला सांगितलं की खोऱ्यापर्यंत पोचतं.”

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी ऊन चांगलं होतं. सगळं गाव ठरल्याप्रमाणे चाळीस पावलं खाली, पाठ करून, कोका चघळत बसलं. वर दोघी बहिणी. ताईने बेनिताला आदल्या संध्याकाळी बजावलं होतं, ते मी ऐकलं होतं: “फक्त शेताकडची बाजू धू. मागची मी धुते. मागच्या बाजूला हात लावू नकोस.” आता माझ्या बायकोबद्दल एक सांगतो. तिला भांडं घासायला दिलं की ती बूडसुद्धा घासते. नंतर कळलं, ताई पोंचोची घडी घालत होती, डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि बेनिता पाण्याची घागर घेऊन गोल फिरली.

मग तिचा आवाज आला. बेनिताचा आवाज पलीकडच्या डोंगरावरच्या लामांनाही ऐकू जातो.

“अगं ताई! डोळे तर इकडे आहेत!”

चाळीस पावलांवर अख्ख्या गावाचे जबडे कोका चघळायचे थांबले.

“दोन खळगे आहेत, अंगठा बसतो! नाक आहे! ताई, आजोबांचं तोंड मागे आहे!”

आजोबांकडे न बघण्याची आमची रीत शेकडो वर्षांची असेल. ती त्या क्षणी मोडली. सगळे उठले आणि वर धावले. मीही धावलो, आणि मी काय पाहिलं सांगतो. पोंचोशिवाय आजोबा अगदी साधे होते, करडे, ओले. शेताकडची बाजू सपाट, तिच्यावर काही नाही. पूर्वेकडच्या बाजूला दोन खोल खळगे, मधे उंचवटा, खाली एक आडवी चीर. ते सरळ खिंडीकडे बघत होते.

“म्हणजे इतकी वर्षं आपण,” कुणीतरी म्हणालं, “आजोबांच्या पाठीला पाजत होतो?”

“पाठीला कसली, त्याच्याही खाली! माझा पेला नेहमी कमरेशी पडतो.”

“म्हणूनच मागच्या वर्षी गारठा आला.”

“आणि त्याच्या आदल्या वर्षी? माझा एकेक बटाटा डोक्याएवढा होता. पाठ करून?”

“वळून बघितलं असेल खांद्यावरून.”

“मान बघ की त्यांची! कुठून वळणार?”

गावचा अध्यक्ष सेलेस्तिनो हात वर करून सगळ्यांना गप्प करत होता. तो माझ्याच वयाचा, बोलायला कडक, पण आजोबांसमोर टोपी हातात. “उभं करताना चूक झाली,” तो म्हणाला. “कोण कोण होतं तेव्हा?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दुपार. जेवायला गेलेले पाचजण. जावईबापू, जरा कूस बदलून द्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तीस वर्षं मी ज्या कोड्याचं उत्तर घेवड्याच्या शेतात शोधत होतो, ते मी स्वतःच्या हातांनी पालथं घातलं होतं, वर प्रत्येक लग्नात बढाया मारून सांगितलं होतं. आता सगळे माझ्याकडे वळले. किस्सा सगळ्यांना पाठ होता ना!

“एकट्याने!” पाचातला एकजण म्हणाला. “छाती फुटेस्तोवर!”

“परत सुलटं करायचं राहिलं वाटतं, मक्यावाल्या?”

मी तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली. ती आजोबांच्या तोंडाशी उभी होती, एक हात त्यांच्या खांद्यावर.

“त्याला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं, त्याने केलं. जावई असतो कशाला? चूक नाही झाली, सेलेस्तिनो. मी केलं. मुद्दाम.”

“का, ताई?”

तिने तोंड खिंडीकडे वळवलं. मग म्हणाली, तिच्या साध्या, चूल पेटवतानाच्या आवाजात:

“त्या वर्षी सगळ्यात आधी तुझ्या बापाने पत्रे घातले होते. चमकायचे. मी मेलितोनला म्हटलं, आपलं छप्पर गळतं, मूल ओलं होतं, तू कसला पुरुष. तो म्हणाला, पेरणीनंतर जातो. मी म्हटलं, आत्ता जा, आणि पत्रे घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. सूप पुढ्यात होतं त्याच्या. अर्धं टाकून उठला. दुसरे चौघे आले, तो आला नाही. मी म्हटलं, पत्रे नाहीत म्हणून तोंड दाखवत नसेल. मीच म्हटलं होतं ना. मग आजोबा पडले. मी त्यांना धूत होते आणि मला वाटलं, यांची नजर एवढी लांब जाते, शेतं तर काय, आपण सगळे बघतोच की. यांनी जरा वाटेकडे बघावं. दिसला तर बोलावून घ्यावं. पत्रे नको म्हणून सांगावं. एक वर्ष, असंच ठरवलं होतं मी. मग दुसरं वर्ष. मग आता कसं वळवायचं, तो नेमका त्याच वर्षी यायचा.”

मला लाज वाटत होती, घेवड्याची. मी त्या बाईला तीस वर्षं मनातल्या मनात चोर ठरवलं होतं.

सेलेस्तिनोने टोपी हातात फिरवली. गावाचा नियम मोडला की दंडाचं काम द्यायचं असतं, कालव्याची माती उपसायची वगैरे, आणि आंधळ्या होत चाललेल्या म्हातारीला कालवा उपसायला कसा सांगायचा हे त्याला कळत नव्हतं. पण दंड देणारी वेगळीच निघाली. पास्कुआला आजी पुढे आली. ती आमच्यात सगळ्यात म्हातारी. दोन नवरे आणि चार मुलं पुरून बसलेली, नोव्हेंबरात तिच्या टेबलावर जागा पुरत नाही.

“शेतांचं सोड,” ती म्हणाली. “शेतं जगली. आजोबांनाही जरा दुसरीकडे बघायला मिळालं, बटाटे बघून कंटाळले असतील. मी तुला दुसरंच विचारते, इलारिया. जिवंत असेल तो, तर कुठेतरी कुणाच्या तरी हातचं जेवतोय. बरं आहे. आणि मेला असेल तर?”

ताईने आजोबांचा खांदा घट्ट धरला.

“मेला असेल तर तेहतीस वर्षं उपाशी आहे, बाई. दरवर्षी सगळे मेलेले आपापल्या घरी येतात. तो तुझ्या दाराशी येतो, टेबलावर आपलं ताट नाही बघतो आणि परत जातो. तू त्याला हाका मारतेस, आणि आला की वाढत नाहीस.”

हे ऐकलं आणि ताईचा आजोबांच्या खांद्यावरचा हात खाली आला. इतक्या वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही. तिने फक्त आपल्या दोन्ही अंगठ्यांनी आजोबांच्या डोळ्यांचे खळगे चाचपले, एकदा, नीट, आणि विचारलं, “वाटेवर कुणी आहे का? मला दिसत नाही. कुणीतरी बघून सांगा.”

आम्ही सगळे वळलो. अध्यक्ष, म्हाताऱ्या, कडेवरची मुलं, सगळं गाव खिंडीकडे बघत राहिलं. वाट पांढरी, कोरडी, वरपर्यंत मोकळी होती. आपण एवढे जण बघतोय तर कदाचित, असं मला क्षणभर खरंच वाटलं.

“कुणी नाही, ताई,” मी सांगितलं. मीच सांगायला हवं होतं.

“मग वळवा त्यांना,” ती म्हणाली. “जावईबापू, या वेळी सगळ्यांदेखत.”

आम्ही बुडाशी खणलं. मी आता म्हातारा जावई, पण दांडा दुसऱ्या कुणाला देणं शक्यच नव्हतं. आजोबांना दोरावर धरून सावकाश आडवं केलं, मी त्यांची कूस बदलली, आणि खरं सांगतो, ते एवढेही जड नव्हते. खड्डा साफ करायला मी खाली उतरलो तेव्हा हाताला काहीतरी लागलं. टायरच्या रबराची चप्पल, पुरुषाची, डाव्या पायाची. मातीत इतकी वर्षं राहून वाकडी झालेली, पण पट्टा शाबूत. आजोबांच्या पायाखाली ती कुणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती. या खेपेला मी विचारलंही नाही. मी ती वर दिली आणि ताईने बोटांनी ओळखली.

संध्याकाळपर्यंत आजोबा शेताकडे तोंड करून उभे राहिले. बेनिताने पोंचो चढवला. पहिला पेला ताईने ओतला, समोरून, आणि तो नेमका कुठे पडला हे बघायला सगळे वाकले.

पाच दिवसांनी मी ती चप्पल नदीवर नेली. मेलेल्याचे कपडे जावयाने धुवायचे असतात. इथे कपडे नव्हते, एक चप्पल होती. मी तिला राखेने घासलं, पट्ट्याच्या खाचांतली माती काडीने काढली, दगडावर उन्हात वाळवली. ज्या माणसाला कधी पाहिलं नाही त्याची चप्पल धुताना माणसाला चमत्कारिक वाटतं. पाय केवढा होता ते कळतं. टाच कुठे झिजवायचा ते कळतं. मला वाटलं, याच्याशी माझं जमलं असतं. दोघांनी मिळून सासऱ्याची चिचा चोरली असती.

योवाना ऑक्टोबरात आईला न्यायला आली, तर ताई म्हणाली, “टेबल मांडून येते.” योवानाने आईच्या हातातली चप्पल पाहिली आणि पिशवी पुन्हा खाली ठेवली. तिला बापाचं काहीच आठवत नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ताईच्या घरी इतकी माणसं जमली की गवताच्या छपराखाली उभं राहायला जागा नव्हती. पास्कुआला आजीने पावाचा घोडा आणला होता, ओव्हनमधला सगळ्यात मोठा. एक पाय भाजताना तुटला होता, तो तिने पिठाने चिकटवला होता. ताईने आई-वडिलांची, भावाची ताटं नेहमीसारखी लावली. मग चौथं ताट मांडलं. गोठवून वाळवलेल्या बटाट्यांवर चीज, भाजलेला गिनीपिग, एक पेला चिचा, कोकाची मूठभर पानं. आणि सूप. सूप तिने काठोकाठ वाढलं, हाताने कड चाचपत, म्हणजे सांडू नये. ताटाखाली, टेबलाच्या पायाशी, धुतलेली चप्पल.

बाहेर ऊन डोक्यावर आलं. कुणीतरी बारा वाजले म्हणालं. आम्ही सगळे दारातून बाजूला झालो, कारण येणाऱ्याला वाट लागते. ताई चौथ्या ताटासमोर बसली, दाराकडे तोंड करून. सुपाची वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती. मग तिने वाटी एक बोटभर दाराकडे सरकवली.

“जेव,” ती म्हणाली. “पत्रे राहू दे.”